जपानच्या वर्गातला कायमचा पाहुणा

जपानमधील सरकारी शाळांत इंग्रजीच्या तासाला जपानी शिक्षकाशेजारी उभ्या राहणाऱ्या साहाय्यकांची संख्या आज वीस हजारांच्या आसपास आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, जमैका आणि अलीकडे वाढत्या प्रमाणात फिलिपिन्स अशा देशांतून आलेली ही बहुतांशी तरुण मंडळी. विद्यार्थी त्यांना 'सेन्सेइ', म्हणजे गुरुजी म्हणतात. गावातला दुकानदार त्यांना वाकून अभिवादन करतो. शासनदरबारी मात्र ते शिक्षक नाहीत. त्यांचे अधिकृत पद 'असिस्टंट लँग्वेज टीचर', संक्षेपाने 'एएलटी'. त्यांतील बहुतेकांचा करार एका वर्षाचा असतो, जपानी अध्यापन परवाना नसल्याने वर्ग स्वतःच्या जबाबदारीवर घेण्याचा अधिकार नसतो आणि वरच्या पदावर जाण्याची वाट तर जवळजवळ बंदच असते. गेल्या चार दशकांत ही व्यवस्था वाढली, पसरली, खासगी कंपन्यांच्याही हाती गेली. पण परदेशी शिक्षकाला पाहुणा समजण्याची तिची मूळ धारणा बदललेली नाही. त्या धारणेची किंमत तो शिक्षक मोजतो, आणि त्याच्यासमोर बसलेले विद्यार्थीही मोजतात.

परदेशी माणूस आणून त्याच्याकडून शिकायचे आणि काम झाले की त्याला निरोप द्यायचा, ही रीत जपानला नवी नाही. मेइजी काळात रेल्वे, वैद्यक, कायदा, लष्कर अशा सर्वच क्षेत्रांत भरघोस पगारावर परदेशी तज्ज्ञ नेमले गेले. त्यांना 'ओयातोई गाइकोकुजिन', म्हणजे नोकरीस ठेवलेले परदेशी म्हणत. जपानी माणसे तयार होताच त्यांची जागा जपानी माणसांनी घेतली. लेखक लाफकॅडिओ हर्न १८९० मध्ये मात्सुए गावी इंग्रजी शिकवण्यास गेला, तेथील सामुराई घराण्यातील मुलीशी त्याने विवाह केला, १८९६ मध्ये जपानी नागरिकत्व आणि कोइझुमी याकुमो हे नाव स्वीकारले. तरीही १९०३ मध्ये टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातील त्याची नोकरी संपली. त्याच्यानंतर तेथे इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्यांत इंग्लंडहून परतलेले नात्सुमे सोसेकी होते. हर्नला जपानने पुढे डोक्यावर घेतले. त्याच्या पत्नीच्या आयुष्यावर एनएचकेने २०२५ मध्ये दूरचित्रवाणी मालिकाही सुरू केली. पण प्रेम वेगळे आणि नोकरी वेगळी, हा हिशेब तेव्हाही होता.

आजच्या व्यवस्थेचा पाया १९८७ मध्ये घातला गेला. त्या वर्षी 'जेट' कार्यक्रमाखाली चार इंग्रजीभाषक देशांतून ८४८ तरुण जपानला आले. त्या काळी अमेरिकेशी व्यापारावरून जपानचे संबंध ताणले गेले होते. जपान केवळ वस्तू विकतो, बाहेरचे काही आत येऊ देत नाही, ही तक्रार वॉशिंग्टनमध्ये रोज ऐकू येत होती. पंतप्रधान यासुहिरो नाकासोने यांच्या सरकारने या तक्रारीला दिलेल्या उत्तरांपैकी हे एक होते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मॅककॉनेल यांनी या कार्यक्रमावर २००० साली प्रसिद्ध केलेल्या 'इम्पोर्टिंग डायव्हर्सिटी' या अभ्यासग्रंथात हा राजनैतिक धागा सविस्तर उलगडला आहे. कार्यक्रम तीन मंत्रालयांनी मिळून चालवला: गृहखात्याला स्थानिक संस्थांचे 'आंतरराष्ट्रीयीकरण' हवे होते, परराष्ट्र खात्याला जपानविषयी आस्था बाळगणारे तरुण मायदेशी परत पाठवायचे होते आणि शिक्षण खात्याला इंग्रजी सुधारायचे होते. यांतील पहिली दोन उद्दिष्टे साधण्यासाठी माणूस येणे आणि काही वर्षांनी परत जाणे आवश्यक होते. तिसऱ्यासाठी तो अनुभवी होऊन टिकणे आवश्यक होते. तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडून साधायच्या ठरल्यावर तिसरी मागे पडली, यात नवल नाही. 'जेट'मध्ये अध्यापनाचे प्रशिक्षण सक्तीचे नाही, कोणत्याही विषयातील पदवी पुरते, आणि कितीही चांगले काम केले तरी पाच वर्षांनंतर कार्यक्रम सोडावाच लागतो.

या नोकरीतील दिवस कसा जातो, हे पाहिल्याशिवाय तिच्यातील विसंगती लक्षात येत नाही. सकाळी आठच्या सुमारास शाळेच्या दारातील कप्प्यात बाहेरचे बूट ठेवून, आतल्या चपला घालून एएलटी स्टाफरूममध्ये शिरतो. सर्व शिक्षकांची टेबले एकाच मोठ्या दालनात रांगेने असतात. सकाळची बैठक जपानीत होते, ती त्याला बहुधा अर्धवटच कळते. मग तास सुरू होतात. वर्गात चाळीसपर्यंत मुले. जपानी शिक्षक व्याकरण जपानीतून समजावतो आणि खूण करतो. एएलटी धड्यातील वाक्य मोठ्याने वाचतो, मुले त्याच्यामागून म्हणतात. पुन्हा वाचतो, पुन्हा म्हणतात. स्वतःला 'मानवी टेपरेकॉर्डर' म्हणवून घेण्याची प्रथा या मंडळींत फार जुनी आहे. टेपरेकॉर्डर काळाच्या पडद्याआड गेला तरी ती उपमा गेलेली नाही, हे पुरेसे बोलके आहे. 'हाऊ आर यू?' असे विचारताच चाळीस कंठांतून एका सुरात 'आय अ‍ॅम फाइन, थँक यू, अँड यू?' हे उत्तर येते, मग एखाद्या मुलाला ताप का असेना.

दुपारी तो मुलांसोबत वर्गातच जेवतो. शाळेतले जेवण मुले स्वतः वाढतात, आणि दिवसाच्या ठरलेल्या वेळी हातात झाडू-फडकी घेऊन शाळाही स्वतःच स्वच्छ करतात. अनेक एएलटींना याच वेळा सर्वांत फलदायी वाटतात. कारण तेथे परीक्षा नसते आणि मुलगा मोडक्या इंग्रजीत का होईना, आपल्या मांजराविषयी बोलतो. एखाद्याकडे एकच शाळा असते, एखाद्याकडे पाच-सहा. डोंगराळ भागातील लहान शाळांत आठवड्यातून एक दिवस जाणारा एएलटी वर्षाअखेरीपर्यंत मुलांची नावेही पुरती शिकलेला नसतो. सुट्यांच्या काळात वर्ग नसतानाही अनेकांना स्टाफरूममध्ये हजर राहावे लागते. या रिकाम्या बसण्याला त्यांनी 'खुर्ची ऊब देणे' या अर्थाचे नाव दिले आहे. कोणाला उत्साही सहकारी लाभतो आणि तास अक्षरशः रंगतो. कोणाला आठवडाभर कोपऱ्यात उभे केले जाते. 'प्रत्येकाची परिस्थिती वेगळी' हे 'जेट'च्या मंडळींचे जणू ब्रीदवाक्यच आहे. ते खरेही आहे. पण देशव्यापी शैक्षणिक योजनेबाबत हे वाक्य सर्रास वापरावे लागत असेल, तर योजनेला निश्चित रूपच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

जपानी शिक्षकालाही दोष देऊन चालणार नाही. त्याच्यावर प्रवेशपरीक्षांचे ओझे आहे. उच्च माध्यमिक शाळेत आणि विद्यापीठात प्रवेश मिळवायचा तर वाचन, व्याकरण आणि भाषांतर यांवर हुकमत हवी. बोलण्याची परीक्षा बहुतेक ठिकाणी होतच नाही. विद्यापीठांच्या सामायिक प्रवेशपरीक्षेत बोलणे आणि लेखन तपासण्यासाठी खासगी संस्थांच्या चाचण्या वापरण्याची योजना सरकारने आखली होती. ग्रामीण आणि गरीब विद्यार्थ्यांवर अन्याय होईल या आक्षेपामुळे ती २०१९ मध्ये स्थगित झाली आणि पुढे सोडून देण्यात आली. जे परीक्षेत नाही ते वर्गात दुय्यम ठरते, हा नियम आपल्याकडील पालकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि, 'जेट'चा एएलटी हा या वर्गातील सुदैवी म्हटला पाहिजे. त्याला २०१२ पासून पहिल्या वर्षी ३३ लाख ६० हजार येन मिळत असत, २०२५ मध्ये ही रक्कम चाळीस लाखांच्या पुढे गेली. येण्याजाण्याचे विमानभाडे मिळते, घर शोधून देण्यास शिक्षण मंडळाचा माणूस असतो. पण एकूण एएलटींत 'जेट'चा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. उरलेल्यांपैकी काहींना शिक्षण मंडळे थेट नेमतात आणि फार मोठ्या संख्येला खासगी कंपन्या पुरवतात. या कंपन्यांचा विस्तार विशेषतः २००० नंतर झाला. नगरपालिकांच्या दृष्टीने सोय उघड होती. 'जेट'चा उमेदवार कोण येणार हे त्यांच्या हाती नसते, आलेल्याचे घर, बँक, दवाखाना सारे पाहावे लागते. कंपनी मात्र निविदा भरते आणि एक गेला तर दुसरा पाठवते. निविदा दरवर्षी किंवा काही वर्षांनी नव्याने निघते. कमी बोली लावणाऱ्याला काम मिळते. बोली कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शिक्षकाचा पगार, हे सांगायला अर्थतज्ज्ञाची आवश्यकता नाही. परिणामी कंपन्यांमार्फत काम करणाऱ्या एएलटीचे वेतन महिना दोन ते अडीच लाख येनांभोवती अडकून पडले आहे, आणि ऑगस्ट किंवा डिसेंबरसारख्या सुटीच्या महिन्यांत अनेक कंपन्या तेही कापून देतात. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या महाराष्ट्रातील प्राध्यापकांना यातले काहीच अपरिचित वाटू नये.

या कंत्राटांत एक कायदेशीर गंमत आहे. गंमत म्हणायची, पण तिने वर्गाचे पार मातेरे केले. जपानी कायद्यानुसार कंपनी दोन रीतींनी माणूस देऊ शकते. पहिली 'हाकेन', म्हणजे मनुष्यबळ पुरवणे. यात माणूस कंपनीचा, पण काम सांगण्याचा अधिकार शाळेचा. दुसरी 'इताकू', म्हणजे कामच बाहेर सोपवणे. यात शाळेने त्या माणसाला थेट सूचना द्यायची नसते, दिली तर तो कंत्राटाच्या नावाखाली केलेला बेकायदा मनुष्यबळ-पुरवठा ठरतो. हाकेन पद्धतीत ठराविक काळानंतर त्या माणसाला थेट नोकरी देण्याचा प्रश्न उभा राहत असल्याने अनेक मंडळांनी इताकूचा मार्ग धरला. याचा व्यवहारातील अर्थ असा की, एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर उभ्या असलेल्या दोन शिक्षकांपैकी एकाने दुसऱ्याला 'हा उतारा जरा सावकाश वाच' असे म्हणणेही काटेकोर अर्थाने नियमबाह्य. दोघांनी मिळून शिकवणे हा ज्या योजनेचा गाभा, तिच्यातच दोघांनी एकमेकांशी बोलण्यावर बंधन! शिक्षण मंत्रालयाने २००९ मध्ये मंडळांना या करारपद्धतीबाबत पत्र पाठवून सावध केले. प्रथा लगेच थांबली नाही.

दुसरी खुबी तासांची. आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन यांच्या कर्मचारी योजनेत मालकाला निम्मा हिस्सा भरावा लागतो. पूर्णवेळ कामगाराच्या तीन चतुर्थांश, म्हणजे साधारणतः आठवड्याला तीस तास काम असेल तर ही योजना लागू होई. म्हणून असंख्य करारांत कामाचे तास साडेएकोणतीस लिहिले गेले! माणूस सकाळपासून दुपारी उशिरापर्यंत शाळेतच असे, पण दोन तासांमधला वेळ विश्रांतीचा म्हणून वजा होई. सरकारने २०१६ मध्ये मोठ्या आस्थापनांसाठी ही मर्यादा वीस तासांवर आणली, २०२२ मध्ये शंभरांहून अधिक आणि २०२४ मध्ये पन्नासांहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापना तिच्या कक्षेत आल्या. त्यामुळे साडेएकोणतीस तासांची जादू बऱ्याच अंशी ओसरली. मात्र ही सुधारणा परदेशी शिक्षकांचा विचार करून झालेली नव्हती. दुकाने आणि कारखान्यांतील अर्धवेळ जपानी कामगारांसाठी ती झाली, लाभ यांनाही मिळाला.

शाळांबाहेर आणखी एक मोठे जग आहे, ते 'एइकाइवा', म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या खासगी वर्गांचे. येथील शिक्षकाचा दिवस बहुधा दुपारी सुरू होतो आणि रात्री नऊला संपतो. शनिवार-रविवारी गर्दी सर्वाधिक. काचेच्या छोट्या खोलीत एकामागून एक तास: आधी शाळकरी मूल, मग गृहिणी, नंतर कंपनीतून थकून आलेला आणि बढतीच्या परीक्षेने धास्तावलेला अधिकारी. घंटा वाजली की विद्यार्थी बदलतो, स्मितहास्य तेच ठेवावे लागते. कामगिरी मोजली जाते ती किती जणांनी करार वाढवला यावरून.

या व्यवसायाची सर्वांत मोठी कहाणी 'नोव्हा'ची. १९८१ मध्ये ओसाकात सुरू झालेल्या या कंपनीने 'स्टेशनसमोरचे परदेशी शिक्षण' अशी जाहिरात करीत देशभर सुमारे नऊशे शाखा उघडल्या. तिचा गुलाबी ससा दूरचित्रवाणीमुळे घरोघरी पोहोचला. पैसे आगाऊ घ्यायचे, शेकडो तास एकदम विकायचे आणि त्या पैशांतून नव्या शाखा काढायच्या, असे तिचे अर्थकारण होते. मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला परतावा देताना झालेल्या तासांचा दर वाढवून लावण्याची तिची पद्धत एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. जूनमध्ये अर्थव्यवस्था, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने दीर्घ मुदतीचे नवे करार करण्यास सहा महिन्यांची बंदी घातली. आगाऊ पैशांचा ओघ आटला, सप्टेंबरपासून पगार रखडले आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी कंपनीने न्यायालयाकडे संरक्षणासाठी धाव घेतली.

सुमारे चार हजार परदेशी शिक्षक एका सकाळी बेकार झाले. ज्यांची घरे कंपनीमार्फत होती त्यांची अवस्था अधिक बिकट होती. भाडे पगारातून कापले गेले होते, पण घरमालकापर्यंत पोहोचलेच नव्हते, आणि घर सोडण्याच्या नोटिसा दारावर लागल्या. व्हिसा नोकरीशी जोडलेला, परतीच्या तिकिटाला पैसे नाहीत. कामगार संघटनेने तेव्हा इंग्रजीच्या शिकवणीच्या बदल्यात जेवण देण्याची योजना काढली आणि कित्येक जुन्या विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांना घरी बोलावून जेवू घातले. कंपनीने त्या विद्यार्थ्यांचेही आगाऊ पैसे बुडवले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या माणुसकीचे मोल कळते. संस्थापकाला कर्मचाऱ्यांच्या कल्याणनिधीच्या अपहाराबद्दल २००९ मध्ये शिक्षा झाली. नोव्हाचे नाव दुसऱ्या मालकांकडे जाऊन आजही टिकून आहे. २०१० मध्ये 'जिओस' ही दुसरी मोठी साखळीही कोसळली.

नोव्हा कोसळल्यानंतर थोड्याच आठवड्यांत, डिसेंबर २००७ मध्ये, 'बर्लिट्झ'च्या शिक्षकांनी पगारवाढीसाठी संप सुरू केला. तो लांबत गेला. कंपनीने संघटनेवर नुकसानभरपाईचा दावा लावला, टोकियो जिल्हा न्यायालयाने तो २०१२ मध्ये फेटाळला, आणि त्याच वर्षाअखेरीस तडजोड झाली. हा लढा महत्त्वाचा, कारण परदेशी शिक्षक हा प्रवासी नसून कामगार आहे आणि संपाचा घटनादत्त हक्क त्यालाही आहे, हे त्यातून न्यायालयीन शिक्क्यासह सिद्ध झाले.

येनच्या घसरणीने चित्र पुन्हा बदलले आहे. २०११-१२ मध्ये एका डॉलरला सुमारे ऐंशी येन पडत. तेव्हा अडीच लाख येन म्हणजे तीन हजारांहून अधिक डॉलर होते. जुलै २०२४ मध्ये डॉलर १६० येनांच्या वर गेला आणि तोच पगार साडेपंधराशे डॉलरवर आला. अमेरिकेत शिक्षणकर्ज घेऊन पदवी मिळवलेल्या तरुणाला हे परवडत नाही. त्याच्या जागी फिलिपिन्समधून येणारे, बहुधा शिक्षणशास्त्राची पदवी आणि वर्गाचा अनुभव असलेले शिक्षक वाढत आहेत. पात्रतेने हे शिक्षक सरस असूनही 'अस्सल' इंग्रजी म्हणजे गोऱ्या माणसाचे इंग्रजी, हा पालकांच्या मनातील समज त्यांना आडवा येतो. घर शोधताना तर रंग-देश कोणताही असो, अडथळा ठरलेला. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत घर शोधणाऱ्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे चाळीस टक्के लोकांनी परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचे सांगितले होते.

आणि इंग्रजीचे काय? 'ईएफ' या संस्थेच्या २०२४ च्या क्रमवारीत ११६ देशांत जपान ९२ वा होता. ही चाचणी स्वेच्छेने दिली जाते, म्हणून तिच्यावर फार भार टाकणे योग्य नाही. शिक्षण मंत्रालयाच्या स्वतःच्या २०२३ च्या पाहणीत कनिष्ठ माध्यमिक शाळेच्या अखेरच्या वर्षातील निम्म्या मुलांनी अपेक्षित पातळी गाठल्याचे दिसले. ती पातळी म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरील सर्वांत खालची पायरी. सुधारणा आहे, पण धीम्या गतीने. दरम्यान २०११ मध्ये प्राथमिकच्या पाचवी-सहावीत इंग्रजीचा परिचय सक्तीचा झाला, २०२० पासून तो रीतसर विषय बनला आणि परिचय तिसरी-चौथीपर्यंत खाली आला. प्राथमिक शिक्षकांतील अनेकांनी इंग्रजी शिकवण्याचे प्रशिक्षणच घेतलेले नव्हते. साहजिकच तेथे एएलटी नावाला साहाय्यक आणि प्रत्यक्षात मुख्य शिक्षक, अशी स्थिती कित्येक शाळांत आली. जबाबदारी वाढली, करार, वेतन आणि पदनाम होते तेथेच राहिले.

कायद्याने दार पूर्ण बंद आहे असेही नाही. १९८८ च्या दुरुस्तीने विशेष अध्यापन परवान्याची तरतूद झाली. तिच्या आधारे प्रांतिक मंडळे ज्ञान आणि अनुभव पाहून परदेशी व्यक्तीला पूर्ण शिक्षक करू शकतात. काही मंडळांनी तसे केलेही, पण संख्या अत्यल्प. १९९१ पासून परदेशी नागरिकांना सरकारी शाळांत कायम नेमणूक मिळू शकते, मात्र ती 'पूर्णवेळ व्याख्याता' या दर्जाने. शाळेच्या व्यवस्थापनातील पदे त्यांना मिळत नाहीत. इबाराकी प्रांतातील त्सुचिउरा येथील नामांकित सरकारी शाळेचे मुख्याध्यापकपद २०२३ मध्ये योगेंद्र पुराणिक यांच्याकडे आले, तेव्हा महाराष्ट्रातील वृत्तपत्रांना साहजिकच आनंद झाला. २०१९ मध्ये टोकियोतील एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आलेले हे मराठी गृहस्थ. जपानी शाळा परदेशी माणसाला सर्वोच्च पद देऊ लागली, असे तेव्हा वाटणे शक्य होते. पुराणिक यांनी त्याच्या कितीतरी आधी जपानी नागरिकत्व घेतलेले होते.